आडनाव सांगणार नाही

माझं आडनाव मी इथे सांगणार नाही. सांगितलं की पुढची ओळ वाचायच्या आधीच तुम्ही मनातल्या मनात हिशेब मांडाल, आणि वर ‘आम्ही तसले नाही हो’ म्हणाल. मराठी माणसाला मी पुरती ओळखते, मीही मराठीच आहे. नाव सांगितलं तर आपल्याला ऐकू येत नाही, आडनाव सांगितलं की कान टवकारतात. आडनावावरून अंदाज येईना तर ‘मूळचे कुठले तुम्ही?’, मग ‘घरी गणपती किती दिवसांचा?’, मग ‘कुलदैवत कोणतं?’ आणि अगदीच गाडी अडली तर ‘आमटीत गूळ घालता ना?’ स्टुटगार्टच्या इंडियन दुकानात भेंडीच्या खोक्यापाशी उभं राहून एका बाईंनी मला हे सगळं ओळीने विचारलं होतं, आणि शेवटी उत्तर मनासारखं मिळाल्यावर, म्हणजे त्यांना हवं ते कळल्यावर, ‘अच्छा अच्छा’ म्हणून त्या कोथिंबीर बघायला गेल्या. त्या ‘अच्छा अच्छा’चा मला वीट आला आहे. त्यात राग नसतो, तिरस्कार नसतो. कपाटातला खण सापडल्याचं समाधान असतं फक्त.

सासऱ्यांचं आडनावही सांगणार नाही. न्याय सगळ्यांना सारखा. शिवाय ते इतकं दुर्मिळ आहे की सांगितलं तर त्यांचा पत्ताच दिल्यासारखं होईल.

माझे सासरे इंग्रज. तरुणपणी उत्तर इंग्लंडातल्या कुठल्याशा दरीतून कामासाठी इकडे आले, इथल्याच एका श्वाबियन मुलीशी लग्न केलं आणि इथलेच झाले. सासूबाई मी येण्याआधीच गेल्या. तेव्हापासून स्टुटगार्टबाहेरच्या एका उतारावरच्या घरात सासरे एकटे राहतात. घराखाली तळघर आहे, तिथे इतर लोक बटाटे आणि सायकली ठेवतात. सासऱ्यांनी तिथे आपलं आडनाव ठेवलं आहे. भिंतभर इंग्लंडचा नकाशा आणि त्यावर लाल टाचण्या. प्रत्येक टाचणी म्हणजे त्या आडनावाचं एक घर. बहुतेक सगळ्या टाचण्या एकाच दरीत दाटीवाटीने, दोन-चार शेजारच्या गावांत, एक लंडनमध्ये, आणि बाजूला जर्मनीचा वेगळा कागद, त्यावर एकुलती एक टाचणी. ती ते स्वतः. माझा नवरा तिच्यातच मोजलेला.

पहिल्यांदा त्यांनी मला तळघरात नेलं तेव्हा मी नवी सून होते. त्यांनी अभिमानाने सगळं समजावून सांगितलं. दूरच्या एका चुलतभावाशी त्यांचा या एकाच विषयावर वर्षानुवर्षं पत्रव्यवहार चालला होता. “आल्झो, म्हणजे असं बघ, नाव कुठून आलं ते अजून कळत नाही,” ते म्हणाले, “पण ते दरीबाहेर पडलेलंच नाही, यातच काहीतरी गोष्ट आहे.” मी हूं हूं केलं. मनात विचार आला, माझ्या आडनावाचा नकाशा काढला तर टाचण्या शेकडो गावांत लागतील, पण प्रत्येक गावात एकाच बाजूला. कोणत्या बाजूला ते मराठी वाचकाला सांगायला नको.

दिवस गेले तेव्हा सासऱ्यांनी एकदाच, फार संकोचून, विषय काढला. लग्नानंतर आम्ही दोघांनी आपापली आडनावं तशीच ठेवली होती. मूल झालं की त्याला कोणतं लावायचं ते आईबापांनी ठरवून श्टांडेसआम्टला, म्हणजे इथल्या नोंदणी कार्यालयात, कळवायचं असतं. सासऱ्यांच्या भावांना मुलीच. जर्मनीतली टाचणी पुढे जायची असेल तर ती आमच्याच बाळाकडून. “तुमच्यावर काही दबाव नाही,” असं म्हणता म्हणता त्यांनी डोळे पुसले. मी हो म्हणून टाकलं. खरंच काही वाटलं नाही. माणूस भला आहे, माझ्यासाठी यूट्यूबवर बघून वरण-भात करायला शिकला आहे, आणि नाव मरतंय म्हणून रडतो आहे. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, “मला काहीही चालेल.” तो मुळात इतका शांत आहे की कधीकधी मला वाटतं त्याला पगार शांत राहण्याचाच मिळतो.

हे मी माझ्या पुण्याच्या मैत्रिणीला सांगितलं आणि तिथून सगळं नासलं.

ही मैत्रीण म्हणजे इथल्या मराठी मंडळींची अर्धी आई. मी पहिल्यांदा इकडे आले तेव्हा स्वतःचा जुना कुकर मला देणारी तीच, आउसलेंडरबेहर्डच्या, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीच्या, रांगेत माझ्यासोबत थंडीत उभी राहणारी तीच. तिच्याबद्दल वाईट लिहायला माझा हात उचलत नाही, पण उचलावा लागणार. त्या दिवशी ती साबुदाण्याचे वडे तळत होती. बाळाला सासरचं आडनाव लावणार, असं मी सांगितलं. तिने झारा तसाच कढईवर धरला आणि मनापासून, अगदी गहिवरून म्हणाली, “सुटलं गं बाळ!”

“कशातून?” मी विचारलं.

“तसं नाही गं,” ती म्हणाली, “तू पण ना.”

आणि वडे उलटायला लागली. माझी सकाळची मळमळ कधीच थांबली होती, ती त्या क्षणी परत आली. तेलाच्या वासाने नव्हे. शिव्या दिल्या असत्या तर परत देता आल्या असत्या, पण ती माझ्यावर माया करत होती. माझं बाळ माझ्या नावापासून वाचलं म्हणून तिला आनंद झाला होता आणि तो आनंद ती मला गरम वड्याबरोबर वाढत होती. मी वडा खाल्ला. घरी येऊन ओकले.

तिच्या घरचा आणखी एक प्रसंग मी गिळून टाकला होता, तो त्या रात्री पुन्हा वर आला. आदल्या वर्षी तिच्या सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. त्यांना आम्ही सगळे काकू म्हणतो. आम्ही चार-पाच जणी भेटायला गेलो होतो. सगळ्यांना कपबशीतून चहा आला. मला कागदी कपातून. “अगं, डिशवॉशर भरलाय,” मैत्रीण माझ्याकडे न बघता म्हणाली. काकू सोफ्यावर बसून गोड हसत होत्या. मी तो चहा प्यायले, कप चुरगळून कचऱ्यात टाकला आणि घरी जाताना ट्राममध्ये स्वतःची समजूत घातली की डिशवॉशर भरलेला असू शकतो. मी तो उघडून पाहिला नव्हता.

आता माझ्या आईबद्दल. ती बाळंतपणासाठी नांदेडहून आली. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका होती, निवृत्त झाली तरी आवाज निवृत्त झालेला नाही. आल्या आल्या तिने बॅगेतून मेथीचे लाडू, बुद्धाची छोटी मूर्ती आणि जुन्या मऊ साड्यांच्या शिवलेल्या लंगोटांचे ढीग काढले. “इथे डायपर मिळतात गं,” मी म्हटलं. “मिळेनात का,” ती म्हणाली. आडनावाचं मी तिला फोनवरच सांगितलं होतं, मैत्रिणीच्या त्या वाक्यासकट. तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, “तुमचं मूल, तुम्ही ठरवा.” यावर काही बोलायचं नाही असं तिने ठरवलेलं दिसत होतं, आणि आई काही बोलत नाही तेव्हा मला जास्त धास्ती वाटते.

आमच्या घरात आडनावाचा विषय जुना आहे. आजोबांनी धम्म घेतला आणि घरी येऊन सांगितलं, आजपासून गावाची मेलेली गुरं ओढायची नाहीत. गावाला ती थट्टा वाटली. मग एका मोठ्या घरचा बैल मेला. निरोप आला, कुणी गेलं नाही. बैल गोठ्यामागे तसाच फुगत पडला. त्याचा वास साऱ्या गावात भरला, जेवणं जाईनात, पण त्या बैलाला हात लावणं कुणालाच जमेना. वासापेक्षा ती लाज मोठी होती. शेवटी त्यांनी बैल तिथेच माती टाकून बुजवला, आणि आमच्या लोकांना गिरणी बंद झाली, दुकानातलं मीठ बंद झालं. आजोबा हे सांगायचे तेव्हा हसायचे, आणि आई म्हणायची, हसू नका, तुमच्या हसण्यात मला वास येतो. पुढे चुलतआजोबांनी पुण्यात घर मिळेना म्हणून आडनाव बदलून घेतलं, गुळगुळीत, कुणालाही चालेल असं. त्यांनी आजोबांनाही बदला म्हटलं. आजोबा म्हणाले, “गुरं ओढायची सोडली, नाव कशाला सोडू? नावाला वास येत नाही. ज्याच्या नाकात आहे त्यानं नाक शिंकरावं.”

हे वाक्य आमच्या घरात भांडणात, लग्नात, मयतीत, कुठेही वापरलं जातं.

माझं डोहाळजेवण मैत्रिणीने सासऱ्यांच्या बागेत ठरवलं. नको म्हणता येईना, तिने सासऱ्यांना परस्पर फोन करून टाकला होता. काकू या वर्षीही आलेल्या होत्या, त्याही आल्या. झाडांवर प्लम पिकून जमिनीवर पडले होते आणि त्यांच्यावर गांधीलमाशा घोंघावत होत्या. सासऱ्यांनी प्लमचा केक भाजला होता, मैत्रिणीने हिरव्या बांगड्या, फुलांची वाडी, पाच प्रकारचे भात असं सगळं आणलं होतं. मला झोपाळ्यावर बसवलं. आईने माझी ओटी भरली, काकूंनी लांबून अक्षता टाकल्या. इथवर ठीक.

मग सासरे घरातून एक खोकं घेऊन आले. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा फुलला होता. त्यांनी टाळी वाजवून सगळ्यांना गप्प केलं आणि पाहुण्यांसाठी मुद्दाम इंग्रजीतून बोलू लागले. चुलतभावाला अखेर नावाचं मूळ सापडलं होतं! इतकी वर्षं त्यांना वाटायचं, कोणी लोहार असेल, कोणी जंगलाचा रखवालदार असेल. ते काहीच नव्हतं. त्यांच्या त्या मूळपुरुषाचं काम होतं मेलेली गुरं ओढून नेणं. गावाबाहेर, नदीच्या खालच्या अंगाला त्याचं आवार होतं. तिथे तो गुरं सोलायचा, कातडी काढायचा, चरबी वितळवायचा, उरलेलं पुरायचा. नावाचा अर्थच तो. आणि नाव दरीबाहेर का पसरलं नाही, तर सासऱ्यांच्या मते, एक-दोन पिढ्या त्यांना चांगल्या घरांनी मुलीच दिल्या नसाव्यात. “जर्मनीत अशा माणसाला आबडेकर म्हणत,” ते म्हणाले. “त्याच्याशी हात मिळवत नसत. गुत्त्यात त्याचं बसायचं स्टूल वेगळं, त्याचा मग वेगळा, झाकण नसलेला, म्हणजे चुकून दुसऱ्या कोणी उचलायला नको.”

“आबडेकर?” काकूंनी सुनेला हळूच विचारलं. “म्हणजे कोकणातले का?”

मी फसकन हसले असते, पण सासऱ्यांनी खोकं उघडलं होतं. आत मग होते. पांढरेशुभ्र, चिनी मातीचे. त्यांनी ते खास छापून घेतले होते. एका बाजूला घराण्याचं नाव, दुसऱ्या बाजूला एक चारी पाय वर केलेली गाय आणि वाकडा सुरा. येणाऱ्या नातवंडाच्या स्वागतासाठी प्रत्येकाला एक. त्यांनी सगळ्यांना त्यातूनच कॉफी ओतली.

“हाऊ इंटरेस्टिंग!” मैत्रीण टाळ्या वाजवत म्हणाली. “किती क्यूट आहे गाय! काकू, बघा ना.”

काकूंना इंग्रजी कळत नव्हतं असं नाही, त्यांनी बँकेत नोकरी केली होती. त्यांना सगळं नीट कळलं होतं. त्यांनी मग दोन्ही हातांत घेतला, फिरवून गाय पाहिली, सासऱ्यांकडे बघून हसून मान डोलावली आणि कॉफी प्यायल्या. प्लमच्या केकचा तुकडा त्या कॉफीत बुडवून खाल्ला. वर म्हणाल्या, “इंग्रज माणूस दिलदार. काही लपवत नाहीत.”

मी झोपाळ्यावर बसले होते, अंगावर फुलं, हातात बांगड्या, आणि मला इतकी शिसारी आली की मी झोपाळ्याची दोरी घट्ट धरली. मेलेल्या गुरांची नाही. त्या कामाची शिसारी आमच्या घरात कुणाला कधी आली नाही, आली ती ते करायला लावणाऱ्यांची. मला शिसारी आली ती त्या घोटाची. काकूंच्या घशातून तो घोट सरळ खाली उतरला. माझ्या आजोबांनी जे काम टाकलं म्हणून मीठ गमावलं, तेच काम, तोच सुरा, तीच वर पाय केलेली गाय, आणि यांना ती क्यूट वाटत होती, कारण ती मगावर होती आणि मग साहेबाच्या हातचा होता. चुलीत गेला तो इतिहास.

आईला सासऱ्यांचे उच्चार समजत नव्हते, मी खालच्या आवाजात तिला मराठीत सांगत होते. तिने आपला मग समोर तसाच ठेवला होता. ती मला म्हणाली, “त्यांना विचार, त्या माणसाला पाणी कुठलं होतं?”

मी विचारलं. सासरे गोंधळले. “पाणी? म्हणजे पिण्याचं? गावात एक पंप होता, तिथलंच असणार. दुसरं कुठलं?”

“आणि पुढे काय झालं त्यांचं?” आईने विचारलं.

सासऱ्यांना हाच प्रश्न हवा होता. ते म्हणाले, त्या माणसाच्या नातवाने गावातच बेकरी टाकली. चांगली चालली. सासऱ्यांचे स्वतःचे आजोबाही लहानपणी त्या बेकरीचे पाव घरोघरी पोहोचवायला जात.

“बेकरी?” आई म्हणाली. तिने पुन्हा खात्री करून घेतली. “म्हणजे ढोरं सोलणाऱ्याच्या नातवानं मळलेला पाव गावानं खाल्ला?”

“खाल्ला,” मी सासऱ्यांना विचारून सांगितलं. “विकत घेऊन.”

“मग तो धंदा होता,” आई म्हणाली. “जात नव्हती.”

ती हे शाळेत बोलल्यासारखं बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग तिने पाहुण्यांना उद्देशून नव्हे, मलाच सांगत असल्यासारखं पुढचं सांगितलं. तिच्या शाळेत खिचडी शिजवायला आपल्यातली एक बाई नेमली होती. दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग घरून डबे घेऊन आला. पोटं दुखतात म्हणे. आईने स्वतः सगळ्या वर्गांसमोर बसून ती खिचडी खाल्ली, पण ती मुख्याध्यापिका असली तरी त्याच आडनावाची होती, त्यामुळे त्याने काही सिद्ध झालं नाही. पुढे ती बाई काम सोडून गेली.

मैत्रीण कसनुशी हसली. “मावशी, आता कुठे राहिलंय हो हे सगळं? आपण कुठे मानतो?”

“राहिलं नसेल,” आई म्हणाली, “तर बाळ सुटलं कशातून?”

मैत्रिणीचा चेहरा पडला. तिने माझ्याकडे पाहिलं, हे तू सांगितलंस, अशा नजरेनं. होय, मी सांगितलं. आईला सांगायचं नाही तर कुणाला? काकू प्लमच्या केकमधल्या बिया शोधत बसल्या, केकमध्ये बिया नव्हत्या.

“काय झालं?” सासऱ्यांनी विचारलं. “मी काही चुकीचं बोललो का?” नवऱ्यालाही अर्धंच कळलं होतं. मी सासऱ्यांना सगळं जर्मनमधून सांगितलं. बैल, मीठ, खिचडी, ‘सुटलं गं बाळ’, सगळं. पहिल्यांदाच सांगितलं, इतकी वर्षं मला त्यांना ते सांगावंसं वाटलं नव्हतं, त्यांच्या डोळ्यांत कीव आली असती तर मला सोसली नसती. कीव आली नाही. त्यांनी हातातला मग फिरवून गाय पलीकडे केली. मग म्हणाले, “मला ते गमतीचं वाटलं.”

“त्यांना म्हण, त्यांना वाटू दे गमतीचं,” आई म्हणाली. “त्यांचं ते संपलंय. संपल्यावर हसावंच माणसानं.”

पाहुणे लवकर गेले. मी ते मग विसळत होते तेव्हा सासरे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. “तू मला बाळाच्या नावाचा शब्द दिला होतास,” ते म्हणाले. “तो मी धरून ठेवत नाही. तुला हवं ते लाव.” मी म्हटलं, नाही, तुमचंच लावू, ठरलंय ते. खरं तर मी दमले होते. आडनाव या शब्दाचाच मला इतका कंटाळा आला होता की कोणतंही लावून मोकळं व्हावं असं वाटत होतं. आणि खोटं कशाला बोलू, मनात एक कोपरा असंही म्हणत होता की बाळाला भेंडीच्या खोक्यापाशी कुणी अडवू नये. सुटत असेल तर सुटू दे. मैत्रिणीचं वाक्य मला ओकून टाकता आलं नव्हतं, ते आतच राहिलं होतं.

मुलगी झाली. गोरीगोमटी, आरडाओरडा करणारी, माझ्या आजोबांसारखी रुंद कपाळाची. श्टांडेसआम्टला कळवायचं अजून बाकी होतं. नवऱ्याने त्याचा कागद फ्रिजवर लोहचुंबकाने लावून ठेवला होता, आडनावाची जागा कोरी.

त्या आठवड्यात मैत्रीण आणि काकू बाळ बघायला आल्या. बागेतल्या प्रसंगानंतर मैत्रीण येणार नाही असं मला वाटलं होतं, पण ती आली. मनाने वाईट नाही ती, हेच तर दुखणं आहे. आमच्या घराला चढाच्या पायऱ्या फार. काकू धापा टाकत वर आल्या तेव्हा त्यांच्या हातात खालच्या बेकरीतला कॉफीचा कागदी कप होता. उरलेला घोट त्यांनी दारातच संपवला आणि कप मैत्रिणीकडे दिला.

त्यांनी हात धुतले, पदर सावरून बसल्या आणि बाळाला मांडीवर घेतलं. खरंच प्रेमाने घेतलं. गालावर बोट फिरवलं, मुठी उघडून बघितल्या. “रंग बापाचा घेतलान, बरं झालं,” म्हणाल्या. मी दात आवळले. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “आडनाव तिकडचंच लावताय ना?”

“हो,” मी म्हटलं. तेच ठरलं होतं.

“छान, छान,” काकू म्हणाल्या, आणि त्यांनी पिशवीतून चांदीची वाटी काढून बाळाच्या अंगावर ठेवली. वाकून तिच्या कपाळाचा पापा घेतला. माझ्या आजोबांच्या त्या रुंद कपाळाचा.

एवढ्यात आई चहा घेऊन आली. आलं घातलेला, आमच्या रोजच्या कपांतून. तिने पहिला कप काकूंपुढे धरला.

“नको हो,” काकू म्हणाल्या. “आज माझा उपास आहे.”

“चहा चालतो की उपासाला,” आई म्हणाली.

“माझा कडक असतो.”

मैत्रिणीच्या हातात अजून तो रिकामा कागदी कप होता. तिने तो लपवायला जागा शोधली, मिळाली नाही, शेवटी पर्समध्ये कोंबला. आईने कप परत ट्रेमध्ये ठेवला आणि तशीच ताठ उभी राहिली. शाळेत अर्धा वर्ग डबे घेऊन आला तेव्हाही ती अशीच उभी राहिली असणार. आणि काकूंच्या मांडीवर माझी मुलगी पाय झाडत होती. तिच्या आजीच्या हातचा चहा विटाळत होता, पण ती विटाळत नव्हती. तिला एक आडनाव मिळणार होतं, मेलेली गुरं सोलणाऱ्याचं, आणि त्याच्या बळावर ती त्या मांडीवर बसली होती. सुटणं म्हणतात ते हे. आईला ट्रेपाशी उभं ठेवून सुटायचं. मला आतून बाहेरून किळस आली, काकूंची, मैत्रिणीची, त्या चकचकीत वाटीची, आणि ‘सुटत असेल तर सुटू दे’ म्हणणाऱ्या माझ्या मनातल्या त्या कोपऱ्याचीही.

“काकू,” मी म्हटलं, “ठरलं होतं ते बदललं. मुलीला माझं आडनाव लावतोय.”

नवरा दारात उभा होता. त्याला मी विचारलं नव्हतं. त्याला मराठी जेमतेम कळतं, पण ‘आडनाव’ हा शब्द घरात त्याने इतक्या वेळा ऐकला होता की तेवढं पुरलं. “गेनाऊ,” तो म्हणाला, म्हणजे अगदी बरोबर.

काकू हसल्या. तेच गोड हसू. मग त्यांनी बाळाला दोन्ही हातांनी मांडीवरून अलगद उचललं, अंगापासून जरा लांब धरलं आणि माझ्याकडे केलं.

“धर गं हिला,” त्या म्हणाल्या. “शू केलीन वाटतं.”

मैत्रिणीच्या घरचा डिशवॉशर मी त्या दिवशी उघडून पाहिला नव्हता. या वेळी मी बाळाला तिथेच, सगळ्यांसमोर, दिवाणावर ठेवलं आणि आईने शिवलेला लंगोट सोडून त्यावरून हात फिरवला.

लंगोट कोरडा होता.